बारक्यांची तुकडी

पिल्लांची गाडी यायची होती सकाळच्या गारव्याला, आली ती ऐन दुपारी. मोडनिंबच्या शिवारातलं एप्रिलचं ऊन म्हणजे उघड्या पाठीवर तापली परात ठेवल्यासारखं, आणि त्यात गाडीचं चाक टेंभुर्णीच्या अलीकडं बसलेलं. ड्रायव्हरनं खोकी उतरवली तेव्हा शाइस्तानं पहिलं खोकं कानाशी धरलं. एरवी आत शाळा सुटल्यासारखा गलका असायचा. या खेपेला बाईंनी नुकतीच छडी आपटल्यासारखं चिडीचूप.

"नाजूक आल्यात गं," तिची अम्मी रुक्साना म्हणाली आणि एकेक पिल्लाची चोच गूळपाण्यात बुडवायला लागली. काही प्यायली. काही नुसतीच डोळे मिटून मान टाकून बसली.

शाइस्ताला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. दहावीचा शेवटचा पेपर देऊन ती नुकतीच मोकळी झाली होती आणि जगात आपल्याला न जमणारं काही असेल असं तिला वाटत नव्हतं. नववीपर्यंत ती 'ड' तुकडीत होती. 'ड' तुकडी म्हणजे शेवटची खोली, पत्रा गळणारी, जिथं मास्तर यायचे तेच घड्याळ बघत. मग एका बाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, ती तालुक्यात दुसरी आली, आणि दहावीला थेट 'अ' तुकडीत जाऊन बसली. तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नाव घेईना.

कोंबड्यांच्या शेडवर कामाला येणाऱ्या बजाबाईला ती तूस पसरता पसरता एफसीआर, म्हणजे खाद्य-वजनाचा हिशेब, शिकवत होती.

"बजाकाकू, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आपलं काय? शेड, पाणी आणि घाम. मग कंपनी शेवटी बघते काय, तर खाद्य किती पोटात गेलं आणि वजन किती अंगावर आलं. थोडं खाऊन जास्त वाढली तर शेड चांगलं. जास्त खाऊन कमी वाढली तर शेड बाद."

बजाबाईनं कमरेवर हात ठेवला. "माजा म्हातारा रोज सात भाकरी खातोय आन् वाळलेला त्यो वाळलेलाच. त्येला बी कंपनी माघारी न्हेती का इचार की."

सगळे हसले. शाइस्ताचे अब्बा शाकीर हसले नाहीत. ते दाराशी उभे राहून पिल्लांकडं बघत होते. मागच्या दोन बॅच बिघडल्या होत्या. एकीला सर्दीनं धरलं, दुसरीला खाद्यच उशिरा आलं. कंपनीनं तोंडी सांगितलं होतं की तिसरी बिघडली तर पुढं पिल्लं टाकणार नाही. आणि शेड रिकामं राहिलं म्हणजे काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. अब्बा परत ट्रकवर जाणार. उजनीकाठची केळी भरून दिल्ली, पंजाब, महिना-महिना पत्ता नाही. शाइस्ताचं सगळं लहानपण अब्बांच्या पाठीकडं बघण्यात गेलं होतं, गाडीत चढणाऱ्या. शेड उभं राहिल्यापासून ते रोज रात्री घरी जेवत होते, भाकरी करपली म्हणून कुरकुर करत होते, आणि ती कुरकुर तिला फार आवडायची.

आठवडाभरात पिल्लं पेरूएवढी झाली. पण सगळी नाही. मोठ्यांच्या पायात पायात लिंबाएवढीच राहिलेली काही फिरत होती. पिसं विस्कटलेली, पोट तेवढं टम्म.

कंपनीचा सुपरवायझर अनिलकुमार मोटरसायकलवरून आला. बार्शीकडचा पोरगा, लग्न ठरलेला, म्हणून सारखा मोबाइलकडं बघणारा. तो तुसात उकिडवा बसला आणि त्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"शाकीरभाई, बारके लई निघाल्यात."

"उन्हात आल्यात ती. तुमच्याच गाडीला उशीर झाला."

"गाडीचं सोडा. ही काढून टाका, आजच. पोतं पोतं खातील आन् वजन धरनार न्हाईत. तुमचं एफसीआर ह्यांच्या पोटात चाललंय बगा."

बोलता बोलता त्यानं एक उचललं, मान दोन बोटांत धरली आणि फिरवली. सुपारी फुटावी एवढाच आवाज. पिल्लू बादलीत गेलं. त्यानं दुसरं उचललं.

"ठीव त्ये खाली."

दारात शाइस्ताचे आजोबा उभे होते. इमामसाब मुलाणी, घरात सगळे त्यांना दादा म्हणत. गावात जत्रा असो, जावळ असो, नवस असो, बकरं कापायला मुलाणीच लागायचा. इमामसाबनं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली की मग गाव जेवायचं, पाटलाचा वाडा असो नाहीतर बजाबाईचं छप्पर. जनावराला आधी पाणी पाजायचं, एकाच्या डोळ्यांदेखत दुसरं कापायचं नाही, सुरी पाठीमागं लपवून न्यायची, हे दादा इतक्या वेळा सांगायचे की शाइस्ताला पाढ्यासारखं पाठ होतं.

अनिलकुमारनं पिल्लू खाली ठेवलं. "चाचा, समदीकडं असंच करत्यात."

"करू दे. हितं न्हाय मान मुरगळायची."

"बरं, मग सुरीनं करा. मला काय, कमी झाल्याशी मतलब."

दादा जवळ आले. "सुरी फिरवली की ते खान्याचं झालं. खान्याचं टाकून द्यायचं न्हाय. आन् खायचं म्हनलं तर हाय कुनाचं?"

"कंपनीचं."

"दुसऱ्याचं न इचारता खाल्लं तर सुरी फिरवून बी हरामच की." दादांनी हात झटकले. "मुरगळता येत न्हाय, कापता येत न्हाय. आता तू सांग."

अनिलकुमारनं डोकं खाजवलं. त्याच्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं.

बजाबाई पुढं झाली. "आना हिकडं, मी मुरगळती. मला न्हाय तसलं काय."

"बजा," दादा म्हणाले, "तुज्या पोराच्या जावळाचं बकरं कुनी कापलं?"

"तुमीच की."

"मंग?"

बजाबाईनं पदर खोचला. "मंग काय. न्हाय मुरगळत."

अब्बा खालच्या आवाजात म्हणाले, "दादा, ही बॅच गेली तर शेड गेलं."

 दादांचा चेहरा कडक नव्हता. उलट तो इतका ओशाळा झाला होता की शाइस्तानं मान वळवली. आयुष्यभर जे धरलं ते सोडता येईना आणि पोराचं नुकसान दिसत होतं, म्हणून म्हातारा नुसता जमिनीकडं बघत उभा.

मार्ग काढला शाइस्तानं. मागच्या कोपऱ्यात पोत्यांचा आडोसा केला, बारकी सगळी वेचून तिकडं नेली आणि वर खडूनं पाटी लिहिली: तुकडी ड.

"मोठी ह्यांना खाऊ देत नाहीत, चेंगरतात, म्हणून ही मागं पडलीत," तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं. "वेगळी ठेवली, नीट लक्ष दिलं की बघा कशी वाढतात. वीस दिवसांत बरोबरीला आणून दाखवते."

अम्मी म्हणाली, "क्या बी बोलतीस गे." पण दुपारी तीच बारक्यांसाठी खाद्य भिजवून घेऊन आली.

मग कामाला नुसता ऊत आला. उजाडायच्या आत खाद्याची भांडी भरायची, कारण ऊन चढलं की कोंबडी खात नाही, आणि खाल्लं तर तेच पोटात तापतं. दहाला भांडी वर टांगायची. पडदे सोडायचे, पोती ओली करायची. पाण्याची भांडी दर तासाला धुवायची, नाहीतर पाणी चहासारखं कोमट होतं. तूस दाताळ्यानं खालीवर करायचं. त्याचा वास नाकात जाऊन डोळ्यांतून निघायचा. शाइस्ताच्या टाचांना तुसाचे काटे भरले. अम्मीच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. अब्बांचा शर्ट दिवसातून तीनदा ओला होऊन तीनदा वाळायचा आणि पाठीवर मिठाचे पांढरे डोंगर उमटायचे.

आणि 'ड' तुकडी? 'ड' तुकडी खात होती. देवा, काय खात होती! भांडं ठेवलं की तुटून पडायची. शाइस्ता त्यांना कांद्याची पात चिरून घालायची, शेवग्याचा पाला घालायची, वरून भाषण द्यायची. संध्याकाळी एकेकाला उचलून किराणा दुकानातून आणलेल्या जुन्या काट्याला टोपलीत टांगायची. काटा हलायचा आणि कालच्याच जागी येऊन थांबायचा. पोट भरलेलं, डोळे चमकदार, पाय काडीसारखे. पलीकडच्या मोठ्या कोंबड्या दिवसागणिक फुगत होत्या आणि ही आपली तशीच.

"आज वाढलं?" अब्बा विचारायचे.

"थोडंसं," ती म्हणायची. दोनदा खरं होतं. नंतर नव्हतं.

एका रात्री जेवताना तिला एकदम सुचलं आणि घास तोंडातच राहिला. दादा म्हणतात, दुसऱ्याचं खाता येत नाही. मग कंपनीनं नुसतं तोंडानं म्हणावं ना, की ही बारकी तुमची! झालं. दादांची सुरी मोकळी. बारकी निघाली, खाद्य वाचलं, शेड वाचलं. एवढं एक वाक्य!

"दादा, असं म्हटलं तर चालेल?"

दादांनी विचार केला. "मालकानं खुशीनं दिलं तर चालतंय की. का न्हाय चालायचं?"

तिला त्या रात्री झोपच येईना. आनंदानं.

कंपनीचे मोठे साहेब सोलापुराहून आले तेव्हा तिनं धुतलेला पंजाबी ड्रेस घातला होता आणि वाक्यं पाठ केली होती. साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले, नाकाला रुमाल लावला, शेडभर फिरले. मोठ्या पक्ष्यांकडं बघून मान हलवली. मग पोत्याच्या आडोशापाशी थांबले आणि पाटी वाचली.

"हे काय?"

अनिलकुमार चुळबुळला. अब्बांनी तोंड उघडायच्या आत शाइस्ता पुढं झाली.

"आदरणीय साहेब," ती म्हणाली, आणि जीभ चावली, कारण ते स्पर्धेतलं होतं. तरी रेटलं. "ही बारकी पिल्लं गाडी उन्हात आल्यामुळं राहिली. आमच्या आजोबांना मान मुरगळणं चालत नाही. कापली तर खावी लागतात, आणि ती तुमची आहेत. म्हणून तुम्ही फक्त एवढं म्हणा, की ही तुम्हाला दिली. मग आजच्या आज निघतील. तुमचंच खाद्य वाचेल."

साहेब हसले. वाईट नव्हतं हसणं, कौतुकाचंच होतं. "छान बोलतेस गं. कितवीत आहेस?"

"दहावी झाली."

"शाब्बास. पण बाळा, कंपनीचा पक्षी शेतकऱ्याला देता येत नाही. नियम आहे. आज मी इथं बारकी दिली की उद्या सगळ्या शेडमध्ये बारकीच निघायला लागतील." ते अब्बांकडं वळले. "बारकी म्हणून कोण काय खातंय, कुणी बघायचं? काय शाकीरभाई?"

अब्बा म्हणाले, "आमी तसलं करत न्हाय साहेब."

"तुम्ही नाही हो. मी आपलं बोललो." साहेब शेडबाहेर आले. घर शेडला लागूनच. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि अम्मी डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी. "वास तर छान सुटलाय. आज काय बेत?" असं म्हणत साहेब सरळ आत गेले आणि रुमालानं धरून पातेल्याचं झाकण उचललं.

आत वांगं होतं. डाळवांगं, शेंगदाण्याचं कूट घातलेलं.

"वा," साहेब म्हणाले आणि झाकण ठेवलं, पण तिरकं.

गाडी गेली. अम्मीनं झाकण सरळ केलं. मग पुन्हा उचललं, पुन्हा सरळ केलं. त्या दिवशी तिनं शाइस्ताला वाढलं, सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः भाकरीबरोबर नुसतं तिखट घेतलं.

"मी बोलायलाच नको होतं," शाइस्ता म्हणाली.

"बोललीस त्ये बराबर बोललीस," दादा म्हणाले. पण त्यानं काही झालं नाही.

मे महिन्यात एक दुपार अशी आली की लिंबाचा पालासुद्धा हलेना. पत्र्यावर पाणी मारलं की फुस्सकन वाफ व्हायची. मोठ्या कोंबड्या आता हाताला जड लागत होत्या. पंख अंगापासून लांब धरून, चोची उघड्या टाकून त्या धापा टाकत बसलेल्या. पंखे होते म्हणून चाललं होतं. आणि लाईट गेली.

पंखे थांबले तशी शेडमध्ये एक विचित्र शांतता झाली, आणि त्या शांततेत हजारो चोचींची धाप ऐकू यायला लागली. दूरवर कुणीतरी भाता चालवावा तशी.

"पंप आन!" अब्बा ओरडले. फवारणीचा पंप त्यांनी पाठीवर घेतला आणि दांडा मारत मारत शेडभर पळायला लागले. अम्मी आणि बजाबाई घागरी आणत होत्या. बोअर लाईटवर, म्हणजे टाकीतलं पाणी तेवढंच. शाइस्ता पुठ्ठा घेऊन वारा घालत होती. एका शेडला एक पुठ्ठा! तिलाही ते कळत होतं, पण हात थांबेनात.

"उठवा, बसू देऊ नगा!" बजाबाई ओरडत होती. "बसली की गेली!"

आधी मेल्या त्या सगळ्यांत थोराड. ज्यांच्याकडं बघून साहेबांनी मान हलवली होती त्याच. एक ताडकन उडायची, पाय वर करून उलटी पडायची आणि झालं. शाइस्ताच्या पायाशी एक पडली, तिच्या छातीला हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखी गरम. खाद्य सगळं हिच्या अंगात गेलेलं, आणि वजनाच्या वेळी ही नसणार. तिनं मागं वळून पोत्याच्या आडोशाकडं बघितलं. बारकी मजेत होती. थोडी धापत होती, पण पाण्याच्या भांड्याभोवती फिरत होती, एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत होती. अंगावर काही नाही, त्यांना ऊन काय करणार?

'तुम्ही मरा ना,' तिच्या मनात आलं. 'तुम्ही मरा, हिला राहू द्या.' आणि तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती पुठ्ठा टाकून रडायलाच लागली.

"रड नंतर," अम्मी म्हणाली. "घागर धर."

लाईट आली तोवर टाकी कोरडी होती. अब्बा पाठीवर रिकामा पंप घेऊन तसेच दांडा मारत होते. दादांनी जाऊन त्यांचा हात धरला तेव्हा थांबले.

मेलेल्या ओढून खड्ड्यात टाकायला संध्याकाळ झाली. शाइस्ता हात धुवायला शेडमागं गेली आणि थांबली. जाळीतून दिसलं, अब्बा 'ड' तुकडीत उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात एक बारकं होतं. त्यांनी दाराकडं बघितलं, दादा आहेत का म्हणून, आणि मान धरली.

त्यांना येत नव्हतं. अनिलकुमारनं केलं ते कसं पटकन, आवाज सुपारी फुटल्याएवढाच. स्टिअरिंगला सरावलेल्या त्या दांडग्या हातांनी त्यांनी फिरवली ती अर्धवट फिरली. पिल्लू सुटलं, तुसात गरगर फिरायला लागलं, पंख आपटायला लागलं. अब्बांनी झडप घातली, परत धरलं. शाइस्तानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा अब्बा ते हातात घेऊन नुसते बसले होते. बाकीची बारकी त्यांच्या पायाशी गोळा झाली होती. माणूस आला म्हणजे खाद्य आलं, एवढंच त्यांना माहीत. अब्बांनी दुसऱ्याला हात घातला नाही. त्यांनी कोपऱ्यात बोटांनी माती उकरली.

रात्री जेवायला ते बसले नाहीत. दादांनी विचारलं, "पोट बिघडलं का?"

"व्हय," अब्बा म्हणाले.

उरलेले दिवस कसेतरी गेले. शाइस्ता कामं करत होती, पण बोलत नव्हती, आणि बजाबाई म्हणायची, "पोरीला कुनाची नजर लागली बाई, रेडिओ बंद पडला."

माल उचलायची गाडी पहाटे आली. पकडणारी पोरं शेडमध्ये शिरली, दोन्ही हातांत तंगड्या धरून कोंबड्या पिंजऱ्यांत कोंबायला लागली. पिंजरे काट्यावर चढत होते, उतरत होते. पिसं आणि धूळ इतकी की दिव्याभोवती धुकं दाटल्यासारखं. अनिलकुमार मोबाइलवर बोटं मारत आकडे घालत होता. अब्बा त्याच्या शेजारी उभे होते, हाताची घडी घालून, विडी न पेटवता ओठात धरून.

उजाडलं तसा अनिलकुमारनं मोबाइल खिशात ठेवला. त्यानं आकडा सांगितला नाही. म्हणाला, "शाकीरभाई, लई वाईट गेलं."

"ऊन व्हतं. लाईट गेली व्हती. तुमाला म्हाईत हाय की."

"मला म्हाईत हाय. मी लिवलंय बी. पर साहेब काय म्हनत्यात, ऊन समद्यांनाच हाय." त्यानं अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "आता शेडला विश्रांती म्हनून टाकत्यात. म्हंजे... बगू पुढं."

'बगू पुढं' म्हणजे काय ते अब्बांना कळलं. त्यांनी विडी ओठातून काढून कानावर ठेवली.

पोरांनी उरलेली खाद्याची पोती गाडीत टाकली, कारण तीही कंपनीची. अर्धं फुटलेलं पोतंसुद्धा सुतळीनं बांधून नेलं. शेड रिकामं झालं. मागं कोपऱ्यात तेवढी चिवचिव चालू होती.

"ह्यांचं काय?" शाइस्तानं विचारलं. "ही नाही नेत?"

गाडीवाल्या पोरानं आडोशात डोकावून बघितलं आणि हसला. "ही? ही काट्यावर ठिवली तर काटा लाजंल."

अनिलकुमारनं मोटरसायकलला किक मारली. होणाऱ्या बायकोचा फोन वाजत होता. जाता जाता तो सहज म्हणाला, चहाचा कप परत द्यावा इतक्या सहज, "ही ऱ्हाऊ द्या तुमालाच. कापा, खावा, काय बी करा."

शाइस्ता जागच्या जागी उभी राहिली. तेच वाक्य. तिनं धुतलेला ड्रेस घालून मागितलेलं, तेच. मोटरसायकल धुरळा उडवत हायवेला लागली तरी ती उभीच.

मग ती दादांकडं गेली. "दादा, दिली त्यांनी. बारकी. आपली झाली."

"तोंडानं म्हनला?"

"म्हणला. कापा, खावा म्हणला."

दादा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मग राहू दिलं. "आता कशाला कापायची? आता कोन मोजतंय?" ते म्हणाले. "सोड बाहेर. फिरू देत."

आत अब्बांचं फोनवर बोलणं चालू होतं. "व्हय शेठ... न्हाय, रिकामाच हाय... आज? केळी भरली का? बरं... बरं." अम्मी त्यांचे दोन शर्ट दोरीवरून काढत होती. ते अजून ओले होते. तिनं तसेच घडी घातले, पिशवीत ठेवले, आणि पिशवीवर हात ठेवून बसली. "भाकऱ्या देते बांधून," ती म्हणाली. मग उठून पिठात पाणी घालायला लागली.

शाइस्तानं शेडचं जाळीचं दार सताड उघडलं. आडोसा काढून टाकला. सकाळचं कोवळं ऊन आत आलं आणि तुसावर चौकोनी पडलं. बारकी त्या चौकोनाच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. पुढं माती होती, गवत होतं, किडे होते, सगळं जग होतं, आणि त्यांनी आजवर तूस सोडून काही बघितलं नव्हतं. ती एकमेकांना चिकटून उभी राहिली. मग एक मागं फिरलं, त्याच्यामागं सगळी, आणि रिकाम्या भांड्याभोवती गोल करून बसली.

त्यांना भूक लागली होती. शाइस्तानं घरातून मूठभर ज्वारी आणून भांड्यात टाकली. ती माना वाकड्या करून बघायला लागली. एकानं दाण्यावर पाय दिला. हे त्यांचं खाद्य नव्हतं. त्यांचं खाद्य वाटोळ्या तुकड्यांचं, तपकिरी, कंपनीच्या पोत्यातलं.

"अगं हे खायचं असतं," ती म्हणाली. बाहेरून अब्बांचा आवाज आला, "शाइस्ता, येतो गं." तिनं मान वळवली तेव्हा ते फाट्याच्या वाटेला लागलेही होते, खांद्यावर पिशवी, पाठीवर ओल्या शर्टाचा डाग. तिला धावावंसं वाटलं. पण धावून काय म्हणायचं, ते तिला सुचेना. इतकं बोलणाऱ्या पोरीला एकही वाक्य सुचेना.

ती तुसात उकिडवी बसली. तर्जनीचं नख एका दाण्याशेजारी टक्कन आपटलं, कोंबडी चोचीनं दाखवते तसं. परत आपटलं. टक्, टक्, टक्. बारकी जवळ आली. त्यांनी दाणा बघितला नाही. ती तिचं बोट बघत होती.

हायवेकडून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक. ती बोट आपटत राहिली.